दारावरचा निंब

"जोडे घालून आत येऊ नका."

डॉक्टरांचा पाय उंबरठ्यावरच अडला. समोर काचेच्या बांगड्यांचा हात आडवा होता, आणि हातामागे जागरणानं तांबारलेले दोन मोठे डोळे. सुखदेव धोटे हे लहान मुलांचे डॉक्टर. सत्याऐंशी सालच्या गोवराच्या साथीपुरते ते छिंदवाड्याहून पांढुर्ण्याच्या दवाखान्यात आले होते आणि घरोघर फिरून लेकरं तपासत होते. आजवर त्यांना दारात कुणी अडवलं नव्हतं. निदान इतक्या सुंदर डोळ्यांनी तरी नाही.

चूक त्यांचीच होती. दाराला निंबाची डहाळी म्हणजे घरात माता आलेली, कुणाला तरी गोवर निघालेला; बाहेरच्यानं सहसा आत जायचं नाही, जोडे घालून तर नाहीच. सौंसरचा हा मुलगा नागपूरला शिकता शिकता ते विसरला होता, झालं.

दारात आडवी आलेली ती इंदू. आत तिची चिमुकली भाची सुमन तापानं फणफणली होती. अंगभर पुरळ, डोळे चिकटलेले. इंदूची आई देवकाबाई औषध देऊ देईना, माता कोपते म्हणे. इंदूचा जीव मात्र टांगणीला लागला होता.

डॉक्टरांनी वाद घातला नाही. जोडे काढले, पाय धुतले आणि देवकाबाईंना म्हणाले, निंब बांधला हे छान केलं. गोवराचं लेकरू इतरांपासून दूर ठेवा, असं आमची पुस्तकंही सांगतात. फक्त डोळे सांभाळायला या 'अ' जीवनसत्त्वाच्या औषधाचे दोन थेंब तेवढे जिभेवर... म्हातारी विरघळली.

मग ते रोज आले. सुमनचा श्वास बघायचे, पेज पाजायला सांगायचे, आणि निघताना त्यांचा पाय काही निघत नसे. बाहेर संत्र्याचा बहार दरवळत असायचा. "तुम्हीही थोडं झोपत जा," एकदा ते हळूच म्हणाले. इंदूनं ते वाक्य दिवसभर मनात घोळवलं.

सुमन अंगणात पळू लागली. निंब उतरला, आणि डॉक्टर यायचे थांबले. साथ ओसरली म्हणून सोमवारी ते छिंदवाड्याला परत जाणार, असंही कानावर आलं. इंदूला घास गोड लागेना. मुलीच्या जातीनं दवाखान्यात जाऊन विचारायचं तरी काय? शेवटी आई विहिरीवर गेलेली बघून तिनं एक वेडेपणा केला.

थोड्याच वेळात डॉक्टर धापा टाकत दारात हजर.

"परत कोणाला निघाला गोवर?"

"कोणालाच नाही."

"मंग निंब?"

इंदूनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "निंब असल्याशिवाय तुम्ही येतच नाही ना..."

डॉक्टर कानापर्यंत लाल होत म्हणाले, "मी तर रोज याच गल्लीतून जाऊन राहिलो. आत यायला कारणच सापडेना."

आणि त्यांनी हात वर करून डहाळी सोडायला घेतली.

"असू द्या ना," इंदू पुटपुटली.

"नाही – रविवारी माझी माय येऊन राहिली सौंसरवरून, तुमच्या आईला भेटायला. निंब पाहिला तर दारातूनच परत जाईल ती."

घट्ट मारलेली गाठ काही त्यांच्यानं सोडवेना. तेव्हा इंदू स्टूल घेऊन आली, वर चढली आणि तिनं ती आपल्याच हातानं सोडली.