फुगेवाल्याची पाहणी

खिडकीबाहेर एक लाल फुगा तरंगत होता... चांगला माणसाएवढा, लांबलचक दोरीला बांधलेला. आणि खाली मोकळ्या प्लॉटवर उभा राहून एक तरुण दुर्बीण लावून थेट तिच्याकडे पाहत होता!

ठकूच्या हातातला दात पडता पडता राहिला.

दात तिचा स्वतःचा नव्हे. ती डेंटिस्टांसाठी कृत्रिम दात बनवायची. दाताची छटा शेजारच्या दातांशी जुळवायला दिवसाचा स्वच्छ उजेड लागतो, म्हणून तिचं टेबल पहिल्या मजल्यावरच्या या खिडकीशी. नेमकं याच खिडकीसमोर एका कंपनीला मोबाइलचा टॉवर उभारायचा होता आणि त्याच्या पायाशी यंत्रांची उंच खोली. म्हणजे उजेड गेला आणि कामही गेलं. वस्तीनं हरकत घेतली होती आणि सुनावणीत बोलायचं काम सगळ्यांनी मिळून ठकूच्या गळ्यात मारलं होतं.

"आत्या, लवकर ये! कुणीतरी दुर्बिणीतून बघतंय!"

आत्या हातात झारा घेऊन धावत आली, तोवर दारावर टकटक झाली. दुर्बीणवाला दारात उभा होता, गळ्यात पालिकेचं ओळखपत्र.

"घाबरू नका, मी मोजणीवाला. टॉवर जेवढा उंच होणार, तेवढ्या उंचीवर फुगा सोडायचा आणि तो कुठल्या घरांतून दिसतो ते पाहायचं, असा नियम आहे. घरवस्तीत टॉवर कुणाच्या डोळ्यांवर येता कामा नये."

तो हसला. त्याचे दात इतके सरळ, इतके स्वच्छ होते, की ठकूला तिथल्या तिथे संशय आला. असलं हसू बहुतेक वेळा बनवून घेतलेलं असतं, हे तिला धंद्यामुळे ठाऊक होतं.

"या खिडकीत तुम्ही किती वेळ असता?"

"कशाला हवंय?"

"नोंदीसाठी."

"दिवसभर."

"एकट्याच?"

"हेही नोंदीसाठी?"

त्याचे कान लाल झाले. "हो... म्हणजे, घरात माणसं किती, ते लिहावं लागतं."

आत्यानं झारा खाली घेतला, पण बाजूला ठेवला नाही.

चार दिवसांनी फुगेवाला पुन्हा आला. वारा होता, फुगा कलला होता म्हणे. त्यानंतर ढग होते म्हणून आला. मग काहीच नव्हतं, तरी आला. आत्या चहा द्यायची आणि आत जाऊन कान देऊन बसायची.

"माझे दात खरे आहेत हं," एकदा तो म्हणाला. "तुम्ही सारख्या बघताय, म्हणून सांगितलं."

"मी छटा बघते. सवय आहे."

"मग कुठली छटा?"

"संशयास्पद."

तो खळखळून हसला आणि ठकूला आपणही हसतोय हे जरा उशिरा कळलं. त्या दिवशी त्याची पावलं जिन्यावर वाजली, तेव्हा तिच्या छातीत धडधडलं होतं. तो आवडायला लागला होता. आणि म्हणूनच तिला भीती वाटत होती... गोड बोलून हरकत मागे घ्यायला लावणारी माणसंही अशीच येत असतील ना?

भीती खरी ठरल्यासारखं झालं. आत्यानं त्याला कंपनीच्या गाडीतून उतरताना पाहिलं.

"तरी मी म्हणत होते, हा फुगेवाला कुणाचं मीठ खातो ते बघ!"

ठकूनं दार अर्धवटच उघडलं. "गाडी छान आहे."

"फुगा आणि गॅसची टाकी कंपनीनं आणायची, असा नियम आहे," तो कळवळून म्हणाला. "टाकी मांडीवर घेऊन बसमध्ये चढू का?"

तिला हसू आलं. पण संशय काही जाईना. तिनं दार लावून घेतलं.

सुनावणीच्या दिवशी पालिकेची खोली गच्च भरली होती. फुगेवाल्याचा अहवाल वस्तीच्या बाजूनं होता: टॉवर घरांच्या फार जवळ येतो आणि खिडक्यांतून अंगावर आल्यासारखा दिसतो. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. तेवढ्यात कंपनीचा वकील उठला.

"बाकी घरं एकेकदा पाहिलीत. या बाईंच्या खिडकीची पाहणी पुन्हा पुन्हा का?"

वारा म्हण, ढग म्हण... ठकू मनात म्हणाली.

फुगेवाला उभा राहिला. "पहिली पाहणी कामाची होती. नंतर मी त्यांना भेटायला गेलो. मला त्या आवडतात. अहवालातला शब्दन् शब्द खरा आहे, पण विचारलंत म्हणून सांगितलं."

खोलीत कुजबुज उसळली. अध्यक्षबाईंनी टेबलावर थाप मारली आणि चष्म्यावरून ठकूकडे पाहिलं.

"प्रेम एकतर्फी असेल तर अहवाल ठेवता येईल, यांना समज देऊ. पण तुमच्याकडूनही काही असेल, तर तो बाद. दुसरा माणूस नव्यानं पाहणी करील, काय निघायचं ते निघेल. बोला, आहे काही?"

ठकूच्या अंगावर काटा आला. हा डाव तर नव्हे? वस्तीच्या बाजूचा अहवाल उडवायचा, तर याहून सोपी युक्ती कुठली? कंपनीचा माणूस असता, तर हेच केलं असतं त्यानं! मागे आत्या फुसफुसली, "नाही म्हण गं, नाही!"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो मान हलवत होता... अगदी हळू, तिला एकटीला दिसेल इतकीच. नाही. नाही म्हणा.

कंपनीच्या माणसाला तिचा होकार हवा असता. हा नकार मागत होता. तिचं टेबल, तिचा उजेड वाचावा म्हणून भर सभेत, तिच्याच तोंडून.

"बाई, उत्तर द्या," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"आहे," ठकू म्हणाली. "माझ्याकडूनही आहे."

वकिलानं खूश होऊन फाइल मिटली. वस्तीतल्यांनी कपाळावर हात मारले आणि आत्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "झालं! घातलं सगळं पाण्यात!"

बाहेर व्हरांड्यात फुगेवाल्यानं तिला गाठलं.

"अहो, मी खुणावत होतो! आता दुसऱ्याला कमी दिसलं तर?"

"तर भांडेन. परत हरकत घेईन. टॉवर उभा राहिलाच, तर टेबल दुसऱ्या खिडकीशी नेईन."

"दुसरी खिडकी आहे?"

"नाही," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "शोधावी लागेल. येता?"

त्यानं तिचा हात हातात घेतला.