आजोबा बसू देत

ऐकून झाल्यावर मला मांत्रिकाचा पत्ता द्यायचा नाही, हे आधीच सांगून ठेवतो. ज्यांच्यामुळे घरात दोन वेळची चूल पेटते, त्यांच्यावर कुणी उतारे टाकत नाही.

गेल्या वर्षी माझी नोकरी गेली तेव्हा मनवाला, म्हणजे माझ्या बायकोला, नुकतेच दिवस गेले होते. परळच्या एका बड्या सॉफ्टवेअर कंपनीतल्या निवडीच्या आधीच्या सगळ्या फेऱ्या मी कशाबशा पार केल्या आणि शेवटची ऑनलाइन मुलाखत उरली. ती हुकली तर वर्षभर तिथे अर्जही करता येणार नव्हता. नेमका त्याच दुपारी घोडपदेवला आमच्या खिडकीखाली मंडळाचा ढोलाचा सराव होता. म्हणून माझा मित्र यतीन याच्या घरच्यांची गिरगावातली बंद खोली मागून घेतली. ते सगळे आता दादरला राहतात. त्याच्या आईने, सुनंदाकाकूंनी, किल्ली देताना एवढंच सांगितलं, "खिडकी उघड हो, कोंदट झालं असेल."

खिडकी उघडली, पण उजेड फारसा आला नाही. समोरच्या इमारतीचं पाडकाम चाललं होतं आणि तिच्यावरच्या हिरव्या जाळीतून शेवाळी प्रकाश खोलीत झिरपत होता. एक टेबल, मागे भिंतीशी वेताची आरामखुर्ची. ओलसर भिंतीचा वास होता आणि त्यात मिसळलेला तपकिरीचा, जणू आत्ताच कुणी डबी उघडलीय.

मुलाखत घ्यायला देविका मॅडम होत्या. खोलीत दुसरं कुणी नको, हा त्यांचा पहिला नियम. मी कॅमेरा फिरवून खोली दाखवली, त्या "ओके" म्हणाल्या, आणि मी कोड लिहायला घेतला. थोड्या वेळाने त्यांचा आवाज बदलला.

"यशोधन, तुझ्या मागे कोण बसलंय?"

मी वळून पाहिलं. खुर्ची रिकामी होती. स्क्रीनवरच्या माझ्या चौकटीतही रिकामीच.

"कुठे... कोण?"

"अरे, खुर्चीत. म्हातारे गृहस्थ आहेत. सॉरी, मला इंटरव्ह्यू थांबवावा लागेल."

कुणी नाही म्हणावं तर मी खोटारडा, आहे म्हणावं तर बाद. पोटुशी मनवा डोळ्यांसमोर आली आणि तोंडातून निघून गेलं, "माझे आजोबा आहेत, मॅडम. ऐकू येत नाही, दिसतंही कमी. बाहेर जिना आहे... एकटं सोडवत नाही."

माझे दोन्ही आजोबा माझ्या जन्माआधीच गेलेत.

देविका मॅडम स्क्रीनजवळ झुकून माझ्या मागे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "बसू देत. माझेही असेच होते."

त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. पुन्हा लिहू लागलो. मागे वेत करकरला... मग श्वास ऐकू आला, सावकाश, घरघरणारा. तपकिरीचा वास माझ्या खांद्यापाशी आला. मी वळलो नाही.

"गंमत बघ," मॅडम हसल्या, "आजोबा मान हलवतायत. नाही नाही म्हणतायत."

मी लिहिलेलं वरपासून पुन्हा वाचलं. यादीतल्या एकेका नोंदीवरून फिरणारा लूप यादी संपल्यावरही एक पाऊल पुढे जात होता. तेवढ्यावरच सगळा प्रोग्रॅम कोसळला असता. मी गुपचूप दुरुस्त केलं.

"आता थांबले," त्या म्हणाल्या.

लॅपटॉप मिटला, रिकाम्या खुर्चीला वाकून नमस्कार केला आणि जिना अक्षरशः उड्या मारत उतरलो.

नोकरी मिळाली. पेढे घेऊन सुनंदाकाकूंकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी हातातला पेढा खाली ठेवला.

"आमच्या आधीचे भाडेकरू ते. मागेपुढे कुणी नव्हतं रे. शेवटी नेलं तेही चाळीतल्यांनीच."

"मी नुसतं वेळ मारून नेली, काकू..."

"आजोबा म्हणालास ना? मग आता निभाव."

निभावतोय. सर्वपित्रीला त्यांचं पान वाढलं. नाव काकूंनाही ठाऊक नव्हतं, नुसतं 'आजोबा' म्हणून हात जोडले. कावळा जणू वाटच बघत होता. घरून काम करताना मीटिंगमध्ये कुणीतरी विचारतंच, "मागे आजोबा का?" मी हो म्हणतो. मला काही दिसत नाही, पण भीतीही वाटेनाशी झालीय. खरं सांगायचं तर आधार वाटतो. पोर झाली तेव्हा पहिला पेढा मी माझ्या मागच्या खुर्चीवर ठेवला होता.

परवा सकाळी मात्र पुण्याहून आमच्या टीममध्ये नवीन आलेला उन्मेष मीटिंगमध्ये होता. काम संपलं, बाकीचे निघून गेले, तो थांबला.

"आजोबांचा हात धरून उभी आहे ती मुलगी तुझी का रे? काय गोड आहे! दोन वेण्या, शाळेचा युनिफॉर्म..."

"हो, माझीच," मी सवयीने म्हणून गेलो.

आतल्या खोलीत मनवा बाळाला थोपटत होती. आमची मुलगी अजून पालथीसुद्धा पडत नाही.