अप्पा, एक बॅट आली!

ही गोष्ट खरी आहे. कुणाला थापा वाटत असतील तर खुशाल वाटू द्या. जिच्यासोबत घडली ती संध्या माझी मावसबहीण आहे. तिला खोटं बोलायची सवय न्हाई, आणि तेवढा वेळही न्हाई.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. भालकीच्या बाजारातलं खेळाच्या सामानाचं दुकान. वेळ भर दुपारची... भुतं रात्रीच येतात म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवा.

संध्या तिथं काउंटरवर होती. सकाळपासून उभी. टाचा पेटलेल्या, घसा बसलेला. कुणाला बूट बदलून पाहिजेत, कुणाच्या फुटबॉलमधली हवा जाते. सगळ्यांचं तिनंच ऐकून घ्यायचं आणि वर हसायचं.

दुकानाचं नाव होतं ते तिप्पण्णामुळं. नवी बॅट तशीच लेदर बॉलवर घातली की चिरते. आधी तिला जवसाचं तेल पाजून लाकडी हातोडीनं ठोकावं लागतं. ते काम म्हातारा तिप्पण्णा मागच्या खोलीत बसून करायचा. गिऱ्हाईक आलं की संध्या बॅट आत ठेवून हाळी द्यायची, "अप्पा, एक बॅट आली!"

आतून उत्तर यायचं... टक. टक. टक.

शिवरात्रीनंतर तिप्पण्णा वारला.

मालक वीरण्णानं दुसरा माणूस ठेवलाच न्हाई. म्हणाला, "अक्का, तू हाळी देत जा. गिऱ्हाइकाला वाटू दे, म्हातारा हाय आत. नुसतं तेल लावून दे."

"आन् बॅट फुटली तर, अण्णा?"

"तर तू सांभाळ. कामून ठेवलंय तुला?"

बॅटी फुटल्या. एकानं तर फुटकी बॅट काउंटरवर आपटली. तेव्हा वीरण्णा म्हणाला, "अजून एक तक्रार आली तर घरी बस."

संध्याच्या नवऱ्याचा पाय अपघातात गेलेला. पोरगी गुलबर्ग्याला नर्सिंगला. घरी बसून भागणार होतं का?

त्या दुपारी एक गिऱ्हाईक आलं. "अक्का, सांजच्याला मॅच हाय. आताच ठोकून पाहिजे."

न्हाई म्हणावं तर तक्रार. तिनं बॅट आत ठेवली, दार लोटलं आणि सवयीनं ओरडली, "अप्पा, एक बॅट आली!"

पंखा तेवढा कुरकुरत होता.

मग... टक.

टक. टक.

संध्या दाराकडं बघत राहिली. गिऱ्हाईक मात्र खूश. "म्हातारा अजून दमदार हाय की!" म्हणत चहा प्यायला गेलं.

आवाज थांबल्यावर तिनं दार उघडलं. स्टुलावर धूळ तशीच. बॅट भिंतीला टेकलेली, छान ठोकलेली... आणि मूठ कोमट.

तिनं ती बॅट देऊन टाकली. करणार काय?

मग तक्रारी बंद झाल्या. खरं सांगायचं तर आधी तिला सुटल्यासारखं वाटलं. गिऱ्हाइकं वाढली, तशा हाळ्याही वाढल्या.

पण ठोके हळू व्हायला लागले. मधे मधे धाप ऐकू यायची. एकदा खोकला. आणि परत... टक.

एका दुपारी तिला राहवलं न्हाई. दाराला कपाळ टेकवून ती म्हणाली, "अप्पा, दमलात का हो?"

ठोके थांबले.

आतून, अगदी दाराजवळून, तिप्पण्णाचा आवाज आला...

"पोरी, तू हाका मारायलीस. मी जाऊ कसा?"

संध्याला भीती वाटलीच, पण त्याहून जास्त रडू आलं. दिवसभर राबून माणूस कसं दमतं हे तिला सांगायला नको होतं.

ती काउंटरवर परत आली. भरल्या दुकानात मोठ्यानं बोलली, "ठोकणारा माणूस वारलाय. हितं बॅट ठोकून मिळत न्हाई."

वीरण्णानं तिला तिथल्या तिथं काढून टाकलं. जाताना ती एवढंच म्हणाली, "अण्णा, हाळी तेवढी देऊ नका."

तो हसला.

आता संध्या एका खानावळीत भाकऱ्या थापते. मागच्या महिन्यात ती त्या दुकानावरून चालली होती. काउंटरवर ही गर्दी! वीरण्णानं मागं मान वळवली आणि हाळी दिली, "अप्पा, चार बॅटी आल्या!"

आतून काय आलं हे ऐकायला ती थांबली न्हाई. दोन्ही कानांवर पदर दाबून निघाली.

"मी तर सुटले रे," ती मला फोनवर म्हणाली. "अप्पांना कोण सोडवणार?"