अपोलोनियाची दाढ

अनुयाने औषधाचा बोळा चित्राच्या कडेला टेकवला आणि कापूस लाल झाला. पाचशे वर्षांपूर्वीचा रंग इतक्या सहज सुटत नाही. कार्डिफच्या त्या छोट्या संग्रहालयातली संत अपोलोनिया कोणीतरी बदलून नेली होती.

जुनी चित्रं दुरुस्त करणं हे तिचं कामच, पण या संतांची चित्रं तिला नेहमी नकोशी वाटत. संताचा जसा छळ झाला त्याचीच खूण चित्रात त्याच्या हाती द्यायची, म्हणजे ओळख पटते. कोणाच्या ताटात स्वतःचे डोळे, कोणाच्या हातावर सोललेली कातडी. अपोलोनियाचे दात उपटले, म्हणून तिच्या हाती चिमटा आणि त्यात दाढ.

अनुया महिनाभर पुण्याला होती. तेव्हा किल्ल्या दोघांकडेच होत्या: सफाई करणारी नीना आणि संग्रहालयाचे विश्वस्त, दातांचे डॉक्टर यतीन आडकर. नीना नागपूरला चित्रकला शिकलेली, हे आडकरांनीच आठवणीने सांगितलं. आपल्याला साधी रेघ ओढता येत नाही, असंही म्हणाले. पोलिसांना फोनही मघाशी त्यांनीच केला. चोरीचा डाग लागला तर नीनाचा व्हिसा गेलाच.

"तू हे चित्र कधी उतरवलं होतंस का?" अनुयाने तिला विचारलं.

"नाही ताई. मी फ्रेमवरची धूळ तेवढी पुसते. मला ते बघवतसुद्धा नाही."

अनुयाने संग्रहालयाच्या दुकानातून मूळ चित्राचं पोस्टकार्ड आणून शेजारी धरलं. कार्डावर चिमट्याने दाढेची मुळं पकडली होती, माथा बाहेर. भिंतीवरच्या चित्रात चिमटा माथ्याला होता आणि मुळं बाहेर लोंबत होती. बाकी झग्याची चुणीसुद्धा तीच.

"डॉक्टर, दाढ कुठे धरून काढतात?" तिने शेजारी उभ्या आडकरांना विचारलं.

"माथ्याला. मुळं हिरडीत असतात, तिथे चिमटा पोचणार कसा?"

"जुन्या चित्रकाराला हे माहीत नव्हतं. नीनाने नक्कल केली असती तर दाढ जशीच्या तशी आली असती. ही चूक खुपली ती रोज दाढा काढणाऱ्याला. तुमच्या हाताला राहवलं नाही, डॉक्टर."

 आडकर आवाज खाली आणून म्हणाले, चित्र घरीच आहे, गिऱ्हाईक अजून ठरलं नव्हतं, आजच्या आज परत आणतो. अनुयाला त्या मऊ आवाजाची किळस आली.

"नीना, तू सांग अनुयाला," ते म्हणाले. "तुझी काही कम्प्लेंट नाही ना?"

बेल वाजली. नीनाने हात एप्रनला पुसले.

"आहे," ती म्हणाली आणि पोलिसांना दार उघडायला गेली.