मागचे दोन स्पीकर

घरोघरी स्पीकर बसवणं हा माझा धंदा. गेल्या मे महिन्यात शिंदे की छावनी या जुन्या वस्तीतून जयसिंहरावांचा फोन आला, तेव्हा त्यात मला काहीच वेगळं वाटलं नाही. वरच्या मजल्यावरची खोली, पुढे तीन स्पीकर, मागे दोन. तीन तासांचं काम.

बाराच्या सुमारास पोचलो. बाहेर लू चालत होती, अंग भाजणारा वारा; गल्लीत चिटपाखरू नव्हतं. खोलीला मात्र जाड काळे पडदे. आत भर दुपारी तिन्हीसांज झालेली, आणि बंद हवेत कापराचा जुनाट वास.

जयसिंहराव पन्नाशीचे, रेल्वेत नोकरीला. फार बोलत नव्हते. पुढचे तीन स्पीकर लागले. मागच्यांसाठी मी भिंतीवर खूण करायला गेलो. हे दोन बसलेल्या माणसाच्या कानाच्या बरेच वर लावतात. त्यांनी माझा हात धरून खाली आणला.

"इथं लाव, बेटा. हेमांगीचं तोंड इथं यायचं."

मी थांबलो. मग त्यांनीच सांगितलं. हेमांगी त्यांची एकुलती एक मुलगी. आठ वर्षांची. दोन वर्षांपूर्वी डेंग्यूनं गेली. तेव्हा त्यांची ड्यूटी दूर बीना स्टेशनला होती. ते रात्रीच्या गाडीनं आले, तोवर सगळं आटोपलं होतं. फोनवर तिचा एक निरोप तेवढा राहिला होता, एकोणीस सेकंदांचा.

"माझ्या खुर्चीमागं गोल गोल फिरत बोलायची ती. एका जागी बसून कधी बोललीच नाही. तसं ऐकायचंय. एकदाच."

"काका, फोनचं रेकॉर्डिंग आहे. आवाज फक्त पुढूनच येईल. फिरणार नाही."

"चालेल. पण मागचेही लाव."

त्यांची बायको लीलाताई पाण्याचा ग्लास घेऊन दारात उभ्या होत्या. उंबरा ओलांडून आत येत नव्हत्या.

"कशाला बोलावताय तिला?" त्या हळूच म्हणाल्या. जयसिंहरावांनी मान वळवली नाही.

सगळं जोडून झाल्यावर मी निरोप लावला. अंधारात पुढून आवाज आला, जरा धापा टाकत. "बाबा, तुम्ही कधी येणार? येताना खडू आणा. निळा संपलाय... बाबा, लवकर या हं."

जयसिंहरावांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. निरोप संपला. ॲम्प्लिफायरवरचा सेकंदांचा आकडा एकोणिसावर थांबला होता, मी पाहत होतो.

आणि मागच्या डाव्या स्पीकरमधून श्वास ऐकू आला.

लहान, गरम श्वास. मग अनवाणी पावलं... डावीकडून उजवीकडे. मग अगदी दबक्या आवाजात,

"आई... बाबांना सांगू नकोस."

लीलाताईंच्या हातातला ग्लास खाली पडला. त्या उजव्या स्पीकरकडे बघत होत्या, डोळे भरून.

"संपलं?" जयसिंहरावांनी चेहऱ्यावरून हात काढले. "पुन्हा लाव बेटा. मागून काहीच आलं नाही."

त्यांनी ऐकलं नव्हतं. लीलाताईंनी माझ्याकडे पाहून नकारार्थी मान हलवली.

"एवढंच आहे, काका," मी म्हणालो.

जिन्यात लीलाताईंनी मला गाठलं. "तुलाही ऐकू आलं ना?" मी होकार दिला. मग त्या पायरीवरच बसल्या. "ताप चढून तीन दिवस झाले होते. यांचा रोज फोन यायचा. ती हात जोडून म्हणायची, आई, बाबांना सांगू नकोस, त्यांना सुट्टी मिळत नाही, ते रडतील. मी नाही सांगितलं. पाचव्या दिवशी सांगितलं. यांना अजून वाटतं, सगळं एका दिवसात झालं."

"काकू, आता सांगून टाका."

"कसं सांगू? तिनं आत्ताच परत बजावलं..."

आठवड्यानं जयसिंहरावांचा पुन्हा फोन आला. आवाज बसला होता. "जरा बघून जा, बेटा."

गेलो. खोलीत पुढच्या खुर्चीवर ते एकटे. मागे, दोन स्पीकरांच्या मधोमध, लीलाताई जमिनीवर बसलेल्या. मांडीवर ओला रुमाल. ओठ हलत होते.

"चार दिवस इथून उठली नाही. कोणाशी तरी बोलते, मग ऐकत राहते. मला वाटलं हिला भास होतात, म्हणून परवा मागच्या तारा काढून टाकल्या. तरी बोलतेच आहे." ते मागे वळून बघत राहिले. "मी बाप आहे तिचा. मला का येत नाही आवाज? तू कान लावून बघ. एक शब्द ऐकू आला तरी मला सांग."

मी मागे जाऊन वाकलो. तारा खरंच काढलेल्या होत्या, टोकं मोकळी लोंबत होती. मी स्पीकरच्या जाळीवर हात ठेवला, आणि झटकन मागे घेतला.

जाळी गरम होती. यंत्र तापतं तशी नाही. तापातल्या पोराच्या कपाळासारखी, थोडी घामेजलेली.

लीलाताईंनी रुमाल पिळला आणि जाळीवर घडी घालून ठेवला.

"ताप एकशे तीनच्या खाली उतरतच नाहीये रे," त्या माझ्या कानाशी पुटपुटल्या.

"काय? काय म्हणाली ती?" जयसिंहराव खुर्चीतून अर्धे उठले होते.

"काही नाही, काका," मी म्हणालो. "काहीच नाही."