जावयाचं गाळलेलं नाव

"हाऊ माणूस कसा शे?" मंदाबाई पदराआड अहिराणीत पुटपुटल्या. त्यांचा पोरगा ललित मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी जळगावच्या दवाखान्यात पडलेला, आणि त्याला बघायला ठाण्याहून आलेले हे व्याही, शालोमभाऊ, व्हरांड्यात उभे राहून फोनवर आपल्या प्रार्थनालयात आजाऱ्यांची नावं सांगत होते… मामेबहीण सांगितली, शेजारचा म्हातारा सांगितला, पाय मोडलेला कुणी भाचासुद्धा सांगितला. ललितचं नाव तेवढं गाळलं. बापाचं ते बोलणं ललितच्या बायकोनं, लेयानं ऐकलं आणि ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. पोरीची ती पाठ बघून मंदाबाई पुढे झाल्या.

शालोमभाऊ बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी, लेया त्यांची एकुलती एक. तिनं नशिराबादच्या केळीवाल्यांच्या घरात लग्न केलं, तेव्हापासून त्यांनी तिचं तोंड पाहिलं नव्हतं. मंदाबाईंनी मात्र सुनेला कधी परकं मानलं नाही. शुक्रवारी सांजेला तिच्या धर्माचे दिवे देव्हाऱ्याशेजारी लागायचे आणि काडेपेटी नेऊन द्यायची ती सासूच. आज गुरुवार. ठाण्याच्या प्रार्थनालयात तोराह, त्यांचा धर्मग्रंथ, उघडण्याचा दिवस. ग्रंथ मिटण्याआधी आजाऱ्यांची नावं पुकारतात आणि सगळे आमेन म्हणतात, हे लेयानंच त्यांना सांगितलेलं.

"शालोमभाऊ, माझ्या पोराचं नाव का नाही घेतलं?"

ते दचकले. "वहिनी, ती आमच्या लोकांची प्रार्थना…"

"तुमचा देव फक्त ठाण्यापुरता आहे का? लेया तर म्हणते, त्यानं बठ्ठं, सगळं जग केलं. मग आमची खाट कुणी केली?"

"देव नको म्हणत नाही," शालोमभाऊ खाली बघत म्हणाले. "दुसऱ्या धर्माच्या आजाऱ्यासाठीही मागतात. पण तिथे प्रार्थना चालवणारे हझान सगळ्यांसमोर नाव पुकारणार. लोक विचारतील, हा कोण? मी काय सांगू?"

"म्हणजे देव आडवा येत नाही, तुमची लाज आडवी येते."

शालोमभाऊंनी फोन खिशात टाकला. आत परिचारिका ललितला न्यायची तयारी करत होत्या. त्यांनी तिकडे पाहिलं, मग पुन्हा फोन हातात घेतला आणि कोरड्या आवाजात विचारलं, "आमच्यात आजाऱ्याचं नाव बापाच्या नावानं घेत नाहीत, आईच्या नावानं घेतात. जन्म देणारीच्या. तुमचं पूर्ण नाव काय?"

मंदाबाईंच्या ओठांशी आपलंच नाव आलं होतं… ललित त्यांच्या जावेचा. लताबाई बाळंतपणात गेली आणि रक्ताळलेल्या धडुत्यातला तो इवलासा जीव मंदाबाईंनी आपल्या छातीशी धरला, तो मोठा होईपर्यंत खाली ठेवला नाही. सारं गाव त्याला मंदाचा ललित म्हणायचं आणि त्या एका संबोधनावर त्यांनी आयुष्य काढलं होतं. आता तेच नाव सोडायचं… पण खोट्या नावानं केलेला धावा वाट चुकला तर? पोराच्या जिवापुढे आपला मान तो काय?

"लताबाई," त्या म्हणाल्या. आवाज कापला नाही. "त्याची आई लताबाई. मी वाढवला."

लेया झटकन वळली. "आई, असं नका म्हणू…"

"गप. देवाला खरं सांगावं लागतं."

शालोमभाऊ त्या म्हातारीकडे वळले. "आमच्या मोशे पैगंबरालाही मिसरच्या राजाच्या, फारोच्या लेकीनं वाढवलं," ते हळूच म्हणाले, "परक्या धर्माची बाई, पण ग्रंथात तो तिचाच मुलगा लिहिलाय." आणि त्यांनी फोन लावला.

"हझानसाहेब, ग्रंथ मिटलात का? नाही ना? अजून एक नाव. ललित. लताबाईच्या पोटचा, मंदाबाईचा मुलगा." पलीकडून काहीतरी विचारणा झाली. शालोमभाऊंनी लेयाकडे पाहिलं. "कोण म्हणजे… जावई. माझा जावई आहे तो."

लेया तोंडात पदर कोंबून रडू लागली.

"फोन ठेवू नका," मंदाबाई म्हणाल्या. "शेजारच्या खाटेवर उजैर आहे. त्याची आई जरीना. तेही सांगा."

"वहिनी, तो मुसलमान…"

"ताप धर्म बघून येतो का? सांगा."

त्यांनी सांगितलं. थोड्या वेळानं फोनमधून कितीतरी गळ्यांचं 'आमेन' ऐकू आलं आणि त्याच सुमारास ललितची चाकांची खाट शस्त्रक्रियेसाठी दारातून पुढे सरकली. शालोमभाऊंनी जावयाच्या कपाळावर हात ठेवला, मग डोळे पुसत विहिणीसमोर हात जोडले.

"माझं चुकलं, वहिनी. माफ करा."

मंदाबाईंनी पदर खोचला.

"नाव घेतलं, चांगलं केलं, शालोमभाऊ. पण एवढी वर्षं पोरीला रडवलं, त्याची माफी माझ्याकडे मागू नका, तिच्याकडे मागा. ललित उठला की घरी येऊन राहायचं, माझ्या हातचं भरीत खायचं, आणि तिची समजूत तुम्हीच काढायची. देव करेल माफ, त्याचं मन मोठं. माझं एवढं मोठं नाही. तुम्ही राहून दाखवा, मग बघते."