तोंड नसलेल्या बाईचा हात

बैठकीतल्या चित्रातल्या बाईचा हात कुणीतरी कापून नेला आणि त्यापायी पुंजाजी मेंढपाळाच्या दंडाला दोर लागला.

पुसेगावच्या उत्तमराव देशमुखांनी सकाळीच माणूस धाडला होता. निजामी अमदानीत देशमुखांचा निरोप म्हणजे हुकूमच. जमादार रामसिंग सेनगावहून घोडा दामटत आला.

चित्र देशमुखांच्या धाकट्या भावाचं, संतरामचं. मुंबईला चित्रकला शिकायला गेला आणि येताना हे विलायती खूळ घेऊन आला. स्वप्नात दिसतं तसं काढायचं! प्रसंग मात्र पोरासोरांना पाठ असलेला, भरसभेतल्या वस्त्रहरणाचा. मानकऱ्यांच्या धडांवर डोक्यांऐवजी घागरी. मधल्या बाईला तोंडच नाही. तिचं लुगडं दारातून बाहेर जाऊन नदी झालेलं. गाव म्हणालं, ही भानामती. हैदराबादचे जाणकार म्हणाले, प्रदर्शनात मांडा. पुढच्याच आठवड्यात ते जायचं होतं.

आता बाईच्या उजव्या हाताच्या जागी भोक होतं.

"याची कात्री वसरीत सापडली," उत्तमराव म्हणाले. "मेंढरं शेतात घातली म्हणून मी याला झोडपलं व्हतं. त्याचा डूख धरला यानं. मेंढरं जप्त करा अन् याला परभणीच्या तुरुंगात टाका."

"काल तुमच्याच मेंढरांची लोकर कापाया आलो व्हतो, मालक. कात्री इसरून राहिली," पुंजाजी रडत म्हणाला.

रामसिंगनं भोकाची कड बोटानं चाचपली. कडेला बारीक छिद्रांची ओळ होती.

"बाहेरच्या दाराला आतून कडी कुणी लावली होती?"

"मीच. सकाळी मीच काढली."

"मग हा आत आला कुठून?"

"ते तुमी शोधा. बोलावलं कशाला तुमाला?"

रामसिंग संतरामकडे वळला. "हातावर काय काढलं होतं?"

"गोंदण. तुळस, अन् तिच्याखाली दोन मोर."

"तोंड नसलेल्या बाईला गोंदण काहून?"

"हात खरा वाटावा म्हणून."

"कुणाचा पाहून?"

संतराम नखातला रंग कोरत राहिला.

झाडलोट करणारी गोजरबाई दारात उभी होती. रामसिंगनं तिला विचारलं, "असं गोंदण गावात कुणाचं हाय, बाई?"

"मला काय ठावं, साहेब?" ती म्हणाली, आणि तिची नजर एकदा माजघराच्या पडद्याकडे गेली.

रामसिंगला सगळं उमगलं. उमगलं नसतं तर बरं, असंही त्याला वाटलं.

तोवर गावचे चार वडीलधारे येऊन बसले होते. रामसिंग उभा राहिला.

"कात्री कडेपासून चालते. मधोमध भोक पाडत न्हाई. हे दाभणानं टोचून टोचून फाडलंय, गोधडी शिवणाऱ्या हातानं. दार आतून बंद, म्हणजे माणूस घरातलं. पैशाचा लोभ असता तर सगळं चित्र गेलं असतं. डूख असता तर सगळं फाटलं असतं. गेला फक्त हात. तोंड नसलं तरी गोंदणावरून बायका बाईला वळखतात. आपला हात हैदराबादेत, त्या सभेतल्या बाईच्या अंगावर टांगला जाणार, हे तिला सोसलं न्हाई. अन् बोलणार कुणाला? मालक, हा घरातलाच मामला हाय. पुंजाजीला सोडा. पुढचं विचारू नका."

"नाव सांगा."

"न्हाई सांगत."

"मग पुरावा न्हाई. याला घेऊन जा." उत्तमरावांनी दोराला हिसका दिला. पुंजाजी तोंडघशी पडला.

पडदा हलला. गोषातल्या सत्यभामाबाई, उत्तमरावांची बायको, भर बैठकीत आल्या. त्यांनी बांगड्या मागं सारल्या आणि हात पुढं केला. तुळस, खाली दोन मोर.

"म्या फाडलं, अन् चुलीत घातलं. भावजींना रोज या हातानं वाढलं, त्यांनी तेवढंच ध्यानात ठेवलं. त्या गरिबाला सोडा."

वडीलधारे जमिनीकडे बघत बसले.

"तपास झाला, जमादार," उत्तमराव शांतपणे म्हणाले. "निघा आता."

रामसिंग हललाच नाही. पण बाईनं आपल्याच घरातलं चित्र फाडलं म्हणून लावायला त्याच्याकडे कलम नव्हतं, आणि बाईला वाचवायला तर नव्हतंच. त्यानं दोर सोडला आणि पुंजाजीला घेऊन बाहेर पडला.

वेशीपाशी पुंजाजी थांबला, मागं वळून वाड्याकडं पाहिलं. त्यानं रामसिंगच्या घोड्याचा लगाम धरला.

"मलाच न्यायचं व्हतं, साहेब," तो म्हणाला. "मी साल-दोन सालानं वापस तरी आलो असतो."